सही त्यांची, हप्ता आपला

महावितरणने 2024 साली 5000 मेगावॉट सौर आणि 1600 मेगावॉट औष्णिक वीज एकाच निविदेत बांधली, ती 25 वर्षांसाठी विकत घ्यायचे ठरवले आणि युनिटमागे 4 रुपये 8 पैशांचा देकार स्वीकारला. तेव्हापासून आपल्याकडचा जुनाच वाद पुन्हा पेटला आहे. एक बाजू विचारते, कंत्राट कोणत्या उद्योगसमूहाला मिळाले? दुसरी म्हणते, दर सर्वांत कमी होता, मग तक्रार कसली? पहिलीला मालकाचे नाव कळले की तिचा निकाल झालेला असतो, दुसरीला पैशातला आकडा दिसला की पुरतो. मालक कोण आणि आजचा दर किती, हे दोन्ही प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते पहिले प्रश्न नव्हेत. या 25 वर्षांत कोळसा महागला, मागणी अंदाजापेक्षा कमी वाढली किंवा दहाव्या वर्षी याच्या निम्म्या दराने वीज मिळू लागली, तर मधला फरक कोण भरणार? त्याचे उत्तर करारात आधीच लिहिलेले असते आणि ते वाचण्याची तसदी दोन्ही बाजू घेत नाहीत.

खासगी कंपनीने वीज केंद्र बांधण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. त्यासाठी सरकारशी भागीदारी करण्यातही नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. दीर्घ मुदतीचा वीज खरेदी करार हे सार्वजनिक कर्ज आहे. त्यावर कंपनी सही करते, वितरण कंपनी सही करते, बँक त्याच्या भरवशावर पैसे देते, आणि फेड करतो तो बिल भरणारा माणूस, ज्याची सही त्या कागदावर कुठेच नसते. कर्ज म्हणून ज्याची फेड करायची, त्याला कर्जाचे नियम लावले पाहिजेत. तो करार विधिमंडळापुढे यायला हवा, त्यातली कलमे लोकांना वाचता यायला हवीत आणि त्याची शिल्लक बोजा म्हणून दरवर्षी अर्थसंकल्पात दिसायला हवी.

हे कर्ज कसे, ते समजून घ्यायचे तर पैसा कुठून येतो ते पाहावे लागते. घरासाठी कर्ज मागायला गेलो तर बँक माझा पगार पाहते. पाच-सात हजार कोटींच्या वीज केंद्राला कर्ज देताना ती काय पाहते? प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढलेली असते. तिच्याकडे सुरुवातीला जमीन आणि परवाने सोडले तर काहीच नसते. साधारणपणे 100 रुपयांत 30 रुपये प्रवर्तकाचे आणि 70 रुपये कर्जाचे, असा हिशेब असतो. प्रकल्प बुडाला तर बँकेला मूळ उद्योगसमूहाच्या तिजोरीला सहसा हात लावता येत नाही, आणि उभे टर्बाइन लिलावात विकून कर्ज फिटत नाही. म्हणून बँक तारण म्हणून वीज खरेदी करारच धरते. करारात दराचे दोन भाग असतात. वीज घेतली तर द्यायचा इंधनाचा खर्च हा एक, आणि केंद्र तयार असले की वीज घ्या अथवा घेऊ नका, द्यावाच लागणारा स्थिर आकार हा दुसरा. कर्जाचा हप्ता आणि प्रवर्तकाचा परतावा या दुसऱ्या भागातून निघतो. समजा महिन्याचा स्थिर आकार 200 कोटी आहे. 100 कोटी युनिट घेतली तर युनिटमागे 2 रुपये पडतात. गरज नाही म्हणून 25 कोटीच घेतली तर तोच भार 8 रुपये होतो. वीज कमी वापरली म्हणून हप्ता कमी होत नाही. याला कर्ज म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

हे नवीनही नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी 1849 साली करार झाला तेव्हा लंडनच्या भागधारकांना भांडवलावर 5 टक्क्यांची हमी दिली होती. गाडी भरो वा रिकामी धावो, तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जायची. व्हाइसरॉयच्या मंडळातले माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी 1872 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे या पद्धतीचे मर्म सांगितले. व्याजाची हमी असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय आणि विटा-चुन्यात घातला काय, इंग्रज भांडवलदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते. रेल्वे झाली, देशाच्या उपयोगी पडली, हे कोणी नाकारत नाही. पण हमीमुळे काटकसरीचे कारणच संपले आणि मैलागणिक खर्च फुगत गेला. याउलट टाटांच्या जलविद्युत कंपनीने 1910 मध्ये भांडवल उभारले ते मुख्यतः इथल्याच गुंतवणूकदारांकडून आणि संस्थानिकांकडून, आणि गिऱ्हाईक होत्या मुंबईच्या गिरण्या. खोपोलीची वीज 1915 साली गिरण्यांपर्यंत पोचली. गिरणीमालक आपला कोळशाचा खर्च आणि विजेचा दर शेजारी ठेवून निर्णय घेत होता. धंद्याची जोखीम धंदा करणाऱ्यांकडे होती. सगळी जोखीम मात्र तिथेही नव्हती. पुढे मुळशी पेट्यात धरणाचा घाट घातला गेला तेव्हा सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला, आणि ज्यांची भातखाचरे बुडणार होती त्या मावळ्यांना सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उतरावे लागले. नाही म्हणण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याकडे जोखीम सरकत जाते. मालक देशी असल्याने तिची दिशा बदलत नाही.

मराठी वाचकाला या विषयात रत्नागिरी जिल्ह्यातला दाभोळचा वीज प्रकल्प टाळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. 1991 मध्ये वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. जून 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे लोक आले आणि अवघ्या काही दिवसांत, 20 जूनला, वीज मंडळाने त्यांच्याशी सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा नव्हती. 1993 मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून कर्ज नाकारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. देयके डॉलरशी बांधलेली होती. वीज मंडळ पैसे देऊ शकले नाही तर राज्य सरकारची हमी, राज्य देऊ शकले नाही तर केंद्राची प्रतिहमी. ही साखळी पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. कर्ज देणाऱ्यांचा वीज मंडळावर विश्वास नव्हता आणि प्रकल्पावरही नव्हता. त्यांचा विश्वास भारताच्या करदात्यावर होता.

त्या वेळीही वाद चुकीच्या जागी झाला, आणि त्याची किंमत आपण मोजली. स्वदेशी विरुद्ध विदेशी, लाच दिली की नाही, प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायचा की नाही, यावर 1995 ची निवडणूक गाजली. नव्या युती सरकारने ऑगस्ट 1995 मध्ये प्रकल्प रद्द केला, पुन्हा बोलणी केली आणि दर कमी करून घेतल्याचे जाहीर केले. दर कमी झाला, हे खरे. पण मूळ करारात पहिला 695 मेगावॉटचा टप्पाच बंधनकारक होता, दुसरा ऐच्छिक. नव्या करारात दोन्ही टप्पे एकत्र बांधले गेले आणि क्षमता 2184 मेगावॉट झाली. युनिटचा भाव पाडून घेण्याच्या आनंदात आपण डोक्यावरचा बोजा तिप्पट करून घेतला! पुण्याच्या प्रयास गटातले अभ्यासक हे गणित तेव्हाच मांडत होते. राज्याला इतकी वीज, या किमतीला, चोवीस तास लागणारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकले कोणी? पुढच्याच वर्षी केंद्रात तेरा दिवस टिकलेल्या सरकारने या सुधारित व्यवहाराच्या प्रतिहमीला मान्यता दिली. विरोधात असताना ज्यांनी प्रकल्प बुडवण्याची भाषा केली, त्यांनीच सत्तेत येऊन तो पक्का केला. यात पक्ष बदलून वाचता येईल असे काही नाही, कारण सुरुवात दुसऱ्या पक्षाने केली होती.

पुढचे ठाऊक आहे. मे 1999 मध्ये नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर पहिला टप्पा सुरू झाला. तेल भडकले, रुपया घसरला, मंडळाने महागडी वीज कमी उचलली आणि 2000 सालच्या काही महिन्यांत युनिटचा भाव 7 रुपयांच्या वर गेला. मंडळ थकले, कंपनीने हमी आणि प्रतिहमी वटवायला काढली, मे 2001 मध्ये केंद्र बंद पडले. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने निर्णयाच्या जवळपास प्रत्येक पायरीवर कारभार कसा फसला, ते नोंदवले. डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पण दुसऱ्या टप्प्यासाठी सर्वांत मोठे पैसे गुंतले होते ते आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक, आयएफसीआय या भारतीय संस्थांचे. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक उपक्रमांच्या गळ्यात प्रकल्प घातला गेला. 2013 च्या सुमारास केंद्राला मिळणारा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि केंद्र पुन्हा थंडावले. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्या केंद्रासाठी आपण एकदा हमीदार म्हणून पैसे मोजले, एकदा ठेवीदार म्हणून, एकदा सार्वजनिक उपक्रमांचे मालक म्हणून. जमिनी गेलेल्यांनी आणि वेलदूरच्या कोळी बायांनी मोजलेली किंमत तर कुठल्याच ताळेबंदात नाही. 1997 मध्ये पोलिसांनी घरात शिरून त्यांना मारहाण करत नेले, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात नोंदलेले आहे.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू, कारण तिच्याकडे भक्कम मुद्दे आहेत. पहिला असा की सरकारकडे पैसा नव्हता आणि सरकारी मंडळाचा कारभारही काही आदर्श नव्हता. हे शंभर टक्के खरे आहे. वीज मंडळ वर्षानुवर्षे गळतीचे आकडे कमी दाखवत होते, मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावावर चोरी आणि तूट खपवत होते. नियामक आयोग आला, जनसुनावण्या झाल्या, मुंबई ग्राहक पंचायत आणि प्रयाससारख्या संस्थांनी कागद मागितले, तेव्हा ती गळती 30 टक्क्यांच्या वर निघाली. दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. दाभोळनंतर राज्यात नवी क्षमता वेळेवर उभी राहिली नाही आणि 2005 पासूनची पाच-सात वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. मी ती खेड्यात काढली आहेत. पिठाची गिरणी रात्री सुरू व्हायची, बायका दळणाचे डबे घेऊन झोपमोड करत बसायच्या, शेतकरी अंधारात विंचूकाट्यातून मोटर लावायला जायचा. न मिळणारी वीज सर्वांत महाग असते, असे कोणी म्हणाले तर त्याला खोडून काढायला मी उभा राहणार नाही. तिसरा मुद्दा, हमी नसेल तर 20 वर्षांसाठी कर्ज कोण देईल? कोणीच देणार नाही. एनटीपीसीच्या केंद्रांनाही स्थिर आकार द्यावाच लागतो. तो खासगीकरणाचा शोध नव्हे.

हे सगळे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. सरकारकडे पैसा नाही म्हणून खासगी भांडवल घ्यायचे, हा युक्तिवाद वीज केंद्र फुकट मिळत असते तर टिकला असता. सरकार आज पैसे देत नाही, 25 वर्षे हप्त्याने देते, आणि स्वतः कर्ज काढले असते तर पडला असता त्याहून जास्त व्याजदराने देते. फरक इतकाच की सरकारने काढलेले कर्ज अर्थसंकल्पात दिसते आणि हे दिसत नाही. खासगी कंपनी वेळेत आणि कमी खर्चात बांधते, म्हणून हे जास्तीचे व्याज परवडते, असे म्हणता येईल. कधी कधी ते खरेही असते. पण मग ती बचत मोजून दाखवायला काय हरकत आहे?

‘आता निविदा स्पर्धात्मक असतात, जोखीम कंपनीवर असते, दाभोळचे दिवस गेले,’ हा युक्तिवाद हल्ली सर्वांत जास्त ऐकू येतो. 2003 चा वीज कायदा आणि 2005 ची निविदेची मार्गदर्शक तत्त्वे यांनी खरोखर मोठी सुधारणा केली. पण जोखीम कागदावर कंपनीकडे गेली म्हणून प्रत्यक्षात गेली का? गुजरातमधील मुंद्रा येथील 4000 मेगावॉटचा अतिविशाल वीज प्रकल्प टाटा पॉवरने युनिटमागे 2 रुपये 26 पैशांच्या दराने जिंकला. त्यातले 760 मेगावॉट महाराष्ट्राचे. कोळसा इंडोनेशियाचा. तिथल्या सरकारने निर्यातीचे दर आंतरराष्ट्रीय भावाशी जोडले आणि गणित कोसळले. कंपन्या वाढीव दर मागायला गेल्या. परदेशातला कायदा बदलला म्हणून भारतातल्या ग्राहकाने भरायचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये ठणकावून सांगितले. करार जिंकला, ग्राहक जिंकला. मग काय झाले? त्याच वर्षी टाटांनी प्रकल्पाचा 51 टक्के हिस्सा एका रुपयाला राज्यांना देऊ केला आणि पुढच्या वर्षी गुजरात सरकारने समिती नेमून आयात कोळशावरच्या प्रकल्पांना सवलतीची वाट काढून दिली. कारण प्रकल्प बुडाले असते तर वीज गेली असती आणि बँकांचे कर्जही. मार्च 2018 मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीपुढे अडचणीत आलेले 34 औष्णिक प्रकल्प होते, सुमारे 40,000 मेगावॉटचे, आणि त्यांत पावणेदोन लाख कोटींच्या घरातले कर्ज अडकलेले. आपल्या सिन्नरचा 1350 मेगावॉटचा प्रकल्प बांधून तयार होता, पण त्याच्याकडे वीज खरेदी करार नव्हता, म्हणून तो वर्षानुवर्षे नुसता उभा राहिला. प्रवर्तकाचे 30 रुपये बुडाले, हे खरे. उरलेले 70 कोणाचे होते?

तरीही हमी म्हणजेच पाप, असे मी मानत नाही. मध्य प्रदेशातल्या रीवा येथील 750 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचा 2017 मध्ये लिलाव झाला. पहिल्या वर्षीचा दर निघाला 2 रुपये 97 पैसे. त्या काळात तो विक्रमी कमी होता. तिथे राज्याची हमी होती, गिऱ्हाइकांत दिल्ली मेट्रो होती, जमीन आणि वीज वाहून नेण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती, आणि इंधनाचा प्रश्नच नव्हता. जी जोखीम सरकारला सांभाळता येते ती सरकारने घेतली, जी कंपनीला सांभाळता येते ती तिच्यावर टाकली, आणि बोली लावणाऱ्या प्रत्येकाला कोणाच्या वाट्याला काय आले ते आधीच ठाऊक होते. कोणीच सांभाळू शकत नाही अशी जोखीम, म्हणजे डॉलरचा भाव, परदेशी इंधन, पंचवीस वर्षांनंतरची मागणी, कुठल्या तरी कलमात गुंडाळून पुढे ढकलली की ती अखेर ग्राहकाच्या बिलातल्या ‘इंधन समायोजन आकारा’त नाहीतर बँकेच्या बुडीत खात्यात उगवते. पाकिस्तानने 1994 च्या धोरणात खासगी केंद्रांना डॉलरशी बांधलेला घसघशीत दर दिला आणि तशाच वाटेने पुढेही जात राहिला. आज तिथे ऐपत असलेले छतावर सौर पॅनेल लावून मोकळे होतात आणि न वापरलेल्या केंद्रांचा स्थिर आकार उरलेल्यांच्या बिलात चढत जातो. आपल्याकडेही छतावरची सौर वीज वाढते आहे, मोठे उद्योग खुल्या बाजारातून वीज घेत आहेत. वितरण कंपनीकडे उरणार कोण? लहान घरगुती ग्राहक, दुकानदार, शेतकरी. पंचवीस वर्षांचा स्थिर आकार त्यांच्यात वाटला जाणार असेल, तर हे आज मोजायला हवे.

वितरण कंपनी ही वेगळी कंपनी आहे, तिची देणी म्हणजे राज्याचे कर्ज नव्हे, असे अर्थखात्यातले लोक सांगतील. कायद्याच्या भाषेत ते बरोबर आहे. व्यवहारात मात्र 2015 च्या ‘उदय’ योजनेत राज्यांनी वितरण कंपन्यांचे 75 टक्क्यांपर्यंतचे कर्ज स्वतःच्या खात्यावर घेतले. त्याआधी 2012 मध्ये पुनर्रचना झाली होती, त्याआधी 2002-03 च्या सुमारास वीज मंडळांच्या थकबाकीचे रोखे राज्यांनी काढले होते. पंधरा वर्षांच्या आत तीनदा जे कर्ज सरकारच्या अंगावर आले, ते कोणाचे होते, हे पुन्हा विचारायची गरज आहे का?

राहिला आक्षेप नियामक आयोगाचा. आयोग सुनावणी घेतो, करार तपासतो, मग विधिमंडळाची लुडबुड कशाला? आयोगामुळेच आपल्याला बरेच काही कळले, त्याबद्दल मला आदर आहे. पण निविदा नियमानुसार झाली असेल तर निघालेला दर स्वीकारणे, एवढेच कायद्याच्या 63 व्या कलमाखाली आयोगाच्या हाती उरते. इतकी वीज 25 वर्षे लागणार आहे का, सौर आणि औष्णिक एकत्र बांधल्याने बोली लावणारे कमी झाले का, दहाव्या वर्षी करार सोडायचा तर काय मोजावे लागेल, हे राज्याच्या दिशेचे प्रश्न आहेत, आणि त्यांना उत्तरदायी असायला हवेत ते निवडून आलेले लोक. आमदारांना यातले काय कळते, हे वाक्य मी अनेक अभियंत्यांकडून ऐकले आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांबद्दल आणि गुहागरच्या बायांबद्दलही तेच म्हटले गेले होते. अर्थसंकल्पाबरोबर राज्य सरकार कोणकोणाला हमी दिली त्याची यादी देते. तिच्या शेजारी एक तक्ता जोडायला फारसे कष्ट नाहीत. चालू असलेला प्रत्येक वीज खरेदी करार, त्याची उरलेली वर्षे, वर्षाला द्यावा लागणारा स्थिर आकार, गेल्या वर्षी न उचललेल्या विजेसाठी किती पैसे दिले, आणि इंधनाची वाढ कोणाच्या माथी. पाच रकाने आहेत. 1996 मध्ये असा तक्ता सभागृहाच्या टेबलावर असता, तर 695 चे 2184 होताना कोणीतरी उठून विचारले असते.